परसातल्या तळ्यातली जलपर्णी, अझोला आणि पाणकणीस : कामाच्या नोंदी (फेब्रुवारी ते नोव्हेंबर २०२४)

आधी तळ्याची माहिती. तळेगाव दाभाडे, घरामागचं परस. लांबी १४ फूट, रुंदी १० फूट, मधोमध खोली अडीच फूट आणि कडांना उतार. भरलं की साधारण ८००० लिटर पाणी. खाली शेततळ्याला घालतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. २०२१ च्या दिवाळीत खोदलं. मासे म्हणजे फक्त गप्पी, डासांसाठी सोडलेले. मधोमध एका गोल टबात कमळ, ज्याने दोन वर्षांत फूल दिलेलं नाही.

आता कबुली. यातली एकही वनस्पती आपल्या पायांनी चालत आलेली नाही. जलपर्णीची तीन रोपं मी नर्सरीतून प्रत्येकी २० रुपये मोजून आणली, जांभळ्या फुलाला भुलून. पाणकणसाचे, म्हणजे चिखलात वाढणाऱ्या उंच, गवतासारख्या झाडाचे, दोन गड्डे कालव्याच्या कडेचे, फुकट. अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारं, गुरांना चारा म्हणून घालतात ते बारीक नेचं, शेजारच्या नानांच्या वाफ्यातला, ओंजळभर. देहू-आळंदीकडे इंद्रायणीत हिरवा गालिचा दिसला की आपण सगळ्यांना नावं ठेवतो, आणि घरी मात्र तोच गालिचा विकत आणून अंथरला होता.

४ फेब्रुवारी, रविवार

पाणी दिसतच नाही. जलपर्णीने तीन भाग व्यापलेत, उरलेल्यावर अझोला. कमळाच्या टबावर सावलीच सावली.

सकाळी आठला सुरुवात केली. गमबूट (३८० रुपये), दंताळं, दोन घमेली आणि रोजंदारीवर एक गडी (७०० रुपये). जलपर्णी उपसणं हे ताकदीचं काम आहे, डोक्याचं नाही. दंताळं टाकायचं, ओढायचं, की एकात एक गुंतलेली दहा-बारा झाडं मुळांच्या काळ्या झुबक्यांसकट येतात. ओली म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, त्यामुळे घमेलं दोघांनी उचलावं लागतं. दुपारी एकपर्यंत ११ पोती निघाली. ढीग तळ्याच्या वरच्या अंगाला, पेरूखाली लावला. चौदा छोटी रोपं मुद्दाम ठेवली, "थोडी असू देत, शोभा राहील" म्हणून.

आजच्या दोन चुका याच शेवटच्या दोन वाक्यांत आहेत.

११ फेब्रुवारी

चौदाची तेवीस झाली. हे थंड पाण्यात, फेब्रुवारीत. प्रत्येक झाडाने बाजूला एक आडवा धागा सोडलाय आणि त्याच्या टोकाला बाळ. सगळी काढली. शोभा वगैरे विसरायचं.

२ मार्च

पेरूखालचा ढीग उलथला. वरचा थर वाळून कागदासारखा झालाय, पण आत हात घातला तर खालची झाडं हिरवीगार, महिनाभर पाण्याबाहेर असूनही. शिवाय ढिगातून काळसर पाणी झिरपत उताराने थेट तळ्यात जातंय. म्हणजे जे खत बाहेर काढलं तेच परत तळ्याला पाजतेय मी.

सगळं उचलून गच्चीच्या फरशीवर पसरलं, पातळ थरात. अर्धा दिवस गेला, पाठ गेली ती वेगळी. दहा दिवसांत ११ पोत्यांचं दीड पोतं झालं. ते पाचोळ्याबरोबर कंपोस्टच्या खड्ड्यात. ओली जलपर्णी थेट खड्ड्यात टाकू नका, ओलावा मिळाला की ती तिथेही तग धरते. आधी कुरकुरीत वाळवा.

१० मार्च

गावातल्या कृषी सेवा केंद्रात जाळी आणायला गेले, तर तिथल्या माणसाने टू-फोर-डी या तणनाशकाची बाटली पुढे केली. "कशाला हात काळे करता, एक फवारा मारा." नको म्हटलं. कारण साधं आहे. तळ्याचं पाणी मी टोमॅटोला आणि वांग्यांना घालते, आणि टोमॅटो हे औषध वाऱ्यावरूनसुद्धा सोसत नाही, पानं वळून जातात. कमळही रुंद पानाचंच, तेही जायचं. आणि मेलेली झाडं बुडून कुजणार त्याच पाण्यात. त्या कुजण्याचं काय होतं ते चारच दिवसांत कळलं, औषध न मारताच.

१४ मार्च

पहाटे सहाला सासूबाईंची हाक. "अगं, तुझे मासे वर येऊन तोंडं वासताहेत!"

धावत गेले. सगळे गप्पी पाण्याच्या वरच्या पापुद्र्याला चिकटलेले, तोंडं टपाटप उघडतायत. सतरा उलटे तरंगत होते. आठवडाभरापूर्वी पाणकणसाची सुकलेली पानं छाटून मी तळ्यातच सोडली होती, कुजून खत होईल म्हणून. वर अझोलाचा अखंड थर, म्हणजे हवा आत जायला जागा नाही. रात्रभरात पाण्यातला प्राणवायू संपला.

तातडीने बादलीने पाणी उचलून उंचावरून परत ओतत राहिले, पाऊण तास. हे आणि मी आळीपाळीने. मासे सातच्या सुमारास खाली गेले. संध्याकाळी कारंज्याचा छोटा पंप आणला, ५५० रुपये.

१७ मार्च

अझोलासाठी दंताळं निरुपयोगी. चाळणीने काढायला तीन तास लागले आणि दुसऱ्या दिवशी काढलंय की नाही हेही कळेना. मच्छरदाणीच्या जाळीचा झोळणा केला, तो पहिल्या फेरीतच भरून फाटला.

जे चाललं ते असं : दीड इंची पीव्हीसी पाइप, दहा फुटी, दोन्ही टोकांना टोप्या सोल्यूशनने चिकटवलेल्या. तो तरंगतो. दोघांनी दोन काठांवर उभं राहून दोरीने हळूहळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढायचा. दुधावरची साय काठाकडे सारावी तसा अझोला पुढे गोळा होत जातो. कोपऱ्यात चार बोटं जाड झाला की घमेल्याने उचलायचा. अख्खं तळं वीस मिनिटांत. खर्च ३९० रुपये. घाई केली की पाइपाखालून निसटतो, हे सांगून ठेवते, कारण ह्यांना दर वेळी घाई असते.

काढलेला अझोला नानांच्या गाईला, स्वच्छ धुऊन. त्यांचंच त्यांना परत.

३१ मार्च

पाणकणीस. दोन गड्ड्यांचा पश्चिमेकडचा सगळा काठ झालाय, साडेसहा फूट उंच. उपटायचा प्रयत्न केला, एक देठ हातात आला, गड्डा जागेवर. मग पहार घेतली. पहारीने एक गड्डा हलला, पण गाळातले आडवे कंद एकमेकांत विणलेले, चटईसारखे. सोडून दिलं.

मग ऐकलेली युक्ती केली : पाण्याच्या पातळीखाली कापायचं. याचं कारण देठ कापला की हातात दिसतं. आत थर्माकोलसारखे हलके कप्पे, टोकापासून बुडापर्यंत. कापलेला तुकडा पाण्यात धरून चिमटीत दाबला तर बुडबुड्यांची माळ निघाली. या नळ्यांतून वरची हवा खाली चिखलातल्या कंदांपर्यंत जाते. जुना वाळका देठसुद्धा हे काम करतो. सगळे देठ पाण्याखाली कापले आणि खुंट बुडलेले राहिले, तर कंद गुदमरतो.

विळ्याने सगळे कापले, पाण्याखाली सहा इंच. हाताला दोन ठिकाणी चरे पडले, पात्याच्या कडा धारदार असतात. कणसं उमलायच्या आधी कापणं बरं. एका कणसात बिया लाखावारी असतात आणि कापसासारख्या उडतात.

९ एप्रिल, गुढीपाडवा

खुंट पाण्याबाहेर डोकावतायत. मला वाटलं वाढले. वाढले नव्हते, पाणी उतरलं होतं.

१२ एप्रिल

विटेवर खडूने रेघ मारून ठेवली. एका रात्रीत दोन इंच खाली. उन्हाळ्यात पाणी उडतं, पण रात्रीत दोन इंच नाही. म्हणजे साडेसहाशे लिटर रोज जमिनीत.

२० एप्रिल

पाणी भरणं थांबवलं आणि उतरू दिलं. काठापासून १३ इंचांवर थांबलं. भोक त्याच रेषेवर असणार, म्हणून ओल्या कडेने गुडघ्यांवर बसून कागदावरून बोटं फिरवत गेले. पश्चिमेकडे, पाणकणसापाशी सापडलं. पहिल्यांदा मी कंदांवर आरोप केला, त्यांची टोकं सुईसारखी असतातच. पण भोक चौकोनी होतं, बोटाएवढं. पहारीच्या टोकाएवढं.

ह्यांनी काही म्हटलं नाही. पहार मात्र तेव्हापासून शेडमध्ये कुलपात आहे.

२१ ते २७ एप्रिल

दोन भागांचा इपॉक्सी लगदा लावला. तीन दिवसांत पापुद्र्यासारखा सुटला. या कागदाला असं काहीच चिकटत नाही. शेवटी शेततळ्यांना कागद घालणाऱ्यांना फोन केला. गरम हवेचं मशीन घेऊन आला, त्याच कागदाचा तळहाताएवढा तुकडा वितळवून बसवला. काम दहा मिनिटांचं, पैसे १५०० रुपये, कारण त्याहून कमीत ते गाडी काढत नाहीत. पहिल्याच दिवशी बोलावलं असतं तर आठवडा वाचला असता.

या सगळ्यात महिनाभर खुंट हवेत होते. प्रत्येक खुंटातून नवी पात, हातभर.

५ मे

पुन्हा सगळं कापलं. गडी, ७०० रुपये. बोअरला पाणी नाही म्हणून टँकर, १००० रुपये. या वेळी खुंटांवर आठ इंच पाणी आणि विटेवर रेघ. रोज सकाळी पातळी बघायची, एक इंच उतरलं की भरायचं.

१९ मे

चार नव्या पाती वर आल्या होत्या. त्याही पाण्याखाली कापल्या. एकही सोडायची नाही, एक नळीसुद्धा शेजारच्या कंदांना हवा पुरवते.

२ जून

खुंट काळे, बुळबुळीत. एकाला हात घातला आणि ओढला, तर मऊ मातीतला मुळा यावा तसा कंदासकट आला. आत पोकळ आणि घाण वास. सासूबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "आता आलं हो तुझ्या हाताला यश." दोन दिवसांत सगळा काठ मोकळा, पहार न लावता. कंद मात्र गाळासकट बाहेर काढले, मार्चसारखे आत कुजायला सोडले नाहीत.

९ जून

पाऊस आला.

१६ जून

काठावर उघड्या पडलेल्या गाळात बारीक गवत उगवलंय. हरळी असेल म्हणून दुर्लक्ष केलं.

२३ जून

हरळी नाही. एक उपटून हातावर घेतलं. खालची पानं फितीसारखी अरुंद, पण तिसऱ्या पानाच्या देठाला बुडाशी भाताच्या दाण्याएवढा फुगवटा. तो फुगवटा मी डोळे मिटूनही ओळखेन. जलपर्णी, बियांपासून आलेली.

आता लक्षात आलं. फुलून झालं की जलपर्णीचा फुलोरा मान वाकवून पाण्यात जातो आणि बी गाळात सोडतो. ते बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं. पाणी उतरलं, गाळाला ऊन लागलं आणि त्यांना जाग आली. भोक पडलं नसतं तर ही बहुधा झोपूनच राहिली असती.

खाली बसून एकेक उपटलं. ६८. संध्याकाळी पुन्हा फेरी, आणखी ९. कोळशाने परसाच्या भिंतीवर आकडे लिहायला सुरुवात केली.

३० जून

काल आळंदीहून माउलींची पालखी निघाली. इकडे अझोला पुन्हा आला. मी दर आठवड्याला पाइप ओढतेय आणि चौथ्या दिवशी थर पुन्हा तयार. मार्चमध्ये एवढा वेग नव्हता. चिडून नानांना विचारलं.

नाना म्हणाले, "मी वाफ्यात शेणकाला न् सुपर फॉस्फेट टाकतो, वहिनी. तरी माझा एवढा वाढत नाही. तुम्ही काय टाकता?"

"काहीच नाही."

"टाकता. बघा नीट."

हे दोन शब्द दिवसभर डोक्यात.

२ जुलै

छत्री घेऊन भर पावसात परसात उभी राहिले आणि पाणी कुठून कुठे जातं ते नुसतं पाहिलं. अर्धा तास. पाच महिन्यांत केलेलं हे सगळ्यात उपयोगी काम, आणि फुकट.

तीन वाटा सापडल्या. पहिली, धुण्याच्या दगडाची. मोरीचा निचरा बुजलाय, त्यामुळे साबणाचं पाणी फुटून तळ्याकडे वळतं. धुण्याच्या पावडरीत बऱ्याचदा फॉस्फेट असतं, म्हणजे नानांचा सुपर फॉस्फेट माझ्याकडे रोज सकाळी मावशींच्या धुण्याबरोबर पडत होता. दुसरी, वरच्या अंगाचे भाजीचे वाफे. तिथे मी दर पंधरवड्याला जीवामृत घालते, शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. जोराचा पाऊस आला की ते सगळं खाली. आणि तिसरी वाट माणसाची होती. सासूबाई रोज देवपूजेचं निर्माल्य तळ्यात सोडतात. वाहत्या पाण्यात सोडायचं ते, घरचं पाणी म्हणून इथे.

पहिल्या दोन्हीसाठी माती आणि दगडांचा वीतभर उंचीचा बांध, तळ्याच्या वरच्या बाजूने धनुष्यासारखा. पाणी वळवून अळूच्या वाफ्यात आणि केळीच्या बुंध्याशी. मोरीपाशी अळू का लावायचे हे आजीला कोणी शिकवलं नव्हतं, मला मात्र वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी छत्री धरून शिकावं लागलं.

तिसऱ्यासाठी वेळ लागला. मी सांगितलं, आई, फुलं कुजून त्याचंच खत होतं. त्या म्हणाल्या, "मग पायदळी टाकू?" दोन दिवस अबोला. शेवटी तुळशीमागे झाकणाचा माठ ठेवला, खाली भोकं पाडून. निर्माल्य त्यात आणि त्याचं खत तुळशीलाच. हे पटलं. पटलं म्हणजे, त्यांनी स्वतःच माठाला कुंकवाची बोटं लावली.

१४ जुलै

अझोलाचा थर आता आठवड्याने विरळ दिसतो. आधी चौथ्या दिवशी दाट असायचा.

२५ जुलै

रात्रभर कोसळला. पुण्यात सिंहगड रोडला घरांत पाणी शिरलं. त्यापुढे माझं दुखणं क्षुल्लक, पण नोंद आहे म्हणून लिहिते. सांडव्याच्या तोंडाला मी जाळी बांधली होती, अझोला बाहेरच्या नाल्यात जाऊ नये म्हणून. जाळी पाचोळ्याने पाचच मिनिटांत बुजली असावी. तळं कडेवरून वाहिलं, बांध एका ठिकाणी फुटला, वाफ्यातली माती आत आली आणि जो अझोला अडवायचा होता तो नाल्यात गेलाच. पुढे कुणाच्या शेतात गेला असेल, माहीत नाही. याची टोचणी आहे.

२८ जुलै

नवीन रचना : फळांचं प्लास्टिकचं क्रेट उलटं करून सांडव्याच्या तोंडावर, भोवती शेडनेट गुंडाळलेली. जाळीचं क्षेत्रफळ दहापट झालं, त्यामुळे एक बाजू बुजली तरी तीन चालू राहतात. २४० रुपये. ऑगस्टमधल्या दोन मोठ्या पावसांत टिकली.

२२ ऑगस्ट

कमळाला कळी. मूठ मिटल्यासारखी, पाण्यावर हातभर. कमळाचे दांडेही टबाच्या काठावरून बाहेर पडायला बघतायत, एक कापून आत वळवला. पहिला टब थिटा पडला म्हणून मोठा गोल घेतला (३२० रुपये). कोपरे नसलेलाच घ्या, कोपऱ्यात टोक अडकलं की कुजतं.

८ सप्टेंबर

दीड दिवसाचा गणपती. शाडूची मूर्ती तळ्यात विसर्जित करायची का, यावर घरात चर्चा. बादलीत केली. माती जास्वंदीला.

भिंतीवरचे आकडे, फक्त जलपर्णीचे, दर रविवारी सापडलेली रोपं : ७७, ३१, १९, १२, ६, १४, ५, ७, २, ३, १. मधला १४ म्हणजे २५ जुलैनंतरचा रविवार, माती आत आली तेव्हाचा. पहिल्या दिवशीची ११ पोती एका सकाळीत निघाली. ही शेवटची मूठभर रोपं मात्र दहा-अकरा आठवडे खाताहेत, आणि पूर्ण वेळ ओणवं उभं राहून.

६ ऑक्टोबर

सलग दोन आठवडे शून्य. आनंद.

१३ ऑक्टोबर

काल दसरा झाला, आज नेहमीची फेरी केली. कारंज्याच्या पंपामागे, दगडाच्या सावलीत एक. चांगलं तळहाताएवढं, फुलाचा दांडा धरलेलं. किमान महिनाभर तिथे बसून होतं आणि मी दर रविवारी त्याच्यावरून नजर फिरवत होते. आता पंप उचलून बघते.

१० नोव्हेंबर

एकूण खर्च : गमबूट ३८०, गडी दोन दिवस १४००, पंप ५५०, पाइप ३९०, कागदाचं ठिगळ १५००, टँकर १०००, क्रेट आणि जाळी २४०, टब ३२०. ५७८० रुपये. यातले ठिगळ आणि टँकरचे अडीच हजार पहारीचे. जलपर्णीची मूळ किंमत ६० रुपये.

सध्याचं काम रविवारी पंधरा मिनिटं : पंपामागे, टबाच्या काठाखाली, क्रेटच्या आत, मग पाइपाची एक फेरी.

१७ नोव्हेंबर

पश्चिमेचा काठ ओका दिसतो म्हणून कुमुदाचं एक रोप आणलं. या वेळी तळ्यात नाही सोडलं. मुळं नळाखाली तीनदा धुतली आणि पंधरा दिवसांसाठी पांढऱ्या बादलीत, ओट्यावर ठेवलं. पांढरी बादली मुद्दाम, हिरवं काही असलं तर दिसावं म्हणून.

२३ नोव्हेंबर

सहावा दिवस. बादलीच्या कडेला दोन हिरवे ठिपके, तिळाएवढे. चष्मा लावून पाहिलं. ठिपक्यांना केसासारखी बारीक मुळं आहेत. अझोला.

काढले, पाणी बदललं, मुळं पुन्हा धुतली. पंधरा दिवस आजपासून पुन्हा मोजायचे. सासूबाई विचारत होत्या ते फूल तळ्यात कधी जाणार. बादलीवर खडूने तारीख लिहून ठेवली आहे, ८ डिसेंबर.